विश्लेषण : किडीचा शत्रू शोधणारा आणि किडीचे सैनिकही शोधणारा शास्त्रज्ञ… कोण होते इल्या मेचनिकॉव्ह?

जैविक कीडनाशकातील जिवाणू किंवा बुरशी किडीला मारते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण किडीच्या शरीरातही संरक्षणव्यवस्था असते आणि ती मोडून काढल्याशिवाय कोणताही जंतू जिंकत नाही. या लढाईच्या दोन्ही बाजू एकाच माणसाने, चार-पाच वर्षांच्या अंतराने पाहिल्या. त्या दोन्हींना जोडणारा दुवा सापडायला मात्र पुढची शंभर वर्षे गेली.

दही खाल्ल्याने आयुष्य वाढते असे सांगणारे शास्त्रज्ञ म्हणून इल्या मेचनिकॉव्ह यांचे नाव आजही घेतले जाते. नोबेल पारितोषिक विजेते, पाश्चर इन्स्टिट्यूटचे उपसंचालक, रोगप्रतिकारशास्त्राचे एक जनक अशी त्यांची ओळख आहे. त्यांच्या आयुष्यातले गव्हावरच्या भुंगेऱ्याचे प्रकरण मात्र बहुतेक चरित्रांत दोन ओळींत संपते. शेतीच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे.

सुरुवात कुठे झाली?

मेचनिकॉव्ह यांचा जन्म मे १८४५ मधला, आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळच्या एका खेड्यातला. वडील रशियन साम्राज्याच्या लष्करात अधिकारी होते. आईचे वडील ज्यू लेखक होते. पाच भावंडांत इल्या धाकटे. खारकीव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत उरकला आणि १८६४ मध्ये, विशीही ओलांडली नसताना, ते संशोधनासाठी जर्मनीकडे निघाले. तेथून इटलीतल्या नेपल्सला गेले. तिथे अलेक्झांडर कोवालेव्हस्की या समवयस्क मित्रासोबत त्यांनी समुद्री प्राण्यांच्या भ्रूणांचा अभ्यास केला. दोघांना १८६७ मध्ये सेंट पीटर्सबर्गचा कार्ल बेअर पुरस्कार विभागून मिळाला. १८७० मध्ये ते ओडेसा येथील विद्यापीठात प्राध्यापक झाले.

व्यक्तिगत आयुष्यात मात्र सतत ओढाताण होती. १८६९ मध्ये ल्युडमिला यांच्याशी लग्न झाले तेव्हा त्या क्षयाने इतक्या खंगल्या होत्या की त्यांना खुर्चीवर बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. चार वर्षे हवापालटासाठी गावोगाव, देशोदेशी फिरण्यात गेली. एप्रिल १८७३ मध्ये मदेरा बेटावर त्यांचे निधन झाले. मेचनिकॉव्ह यांची स्वतःची दृष्टीही त्या काळात बिघडली होती, सूक्ष्मदर्शकावर बसता येत नव्हते. निराशेच्या भरात त्यांनी आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला, तो फसला.

त्यांच्या दुसऱ्या पत्नी ओल्गा यांनी लिहिलेल्या चरित्रात त्या दिवसांतला एक प्रसंग आहे. जिनिव्हात पुलावरून जाताना त्यांना दिव्याभोवती घोंघावणारे कीटक दिसले. काही तासच जगणारे, काही न खाणारे हे कीटक असतील, तर त्यांना नैसर्गिक निवडीचा नियम कसा लागू होतो, असा प्रश्न त्यांच्या डोक्यात आला आणि डोके पुन्हा कामाला लागले. त्या रात्री कीटकांनी त्यांना वाचवले, असे म्हटले तर फार चुकणार नाही. पुढे त्यांनी कीटकांना मारण्याचा मार्ग शोधला, हा भाग वेगळा.

गव्हाच्या भुंगेऱ्याचे काय झाले?

ओडेसा हे काळ्या समुद्रावरचे धान्याचे मोठे बंदर. भोवताली मैलोन्‌मैल काळी जमीन आणि गहू. १८७०च्या दशकाच्या अखेरीस या गव्हावर ‘अनायसोप्लिया ऑस्ट्रियाका’ नावाच्या भुंगेऱ्याचा मोठा प्रादुर्भाव झाला. स्थानिक बोलीत त्याला कुझका म्हणत. प्रौढ भुंगेरे ओंबीतले दाणे खातात, त्याच्या अळ्या जमिनीत मुळांवर जगतात. आपल्याकडच्या हुमणीचाच हा भाऊबंद, एकाच कुळातला. त्या काळात आजच्यासारखी कीडनाशके नव्हती. लोक हाताने भुंगेरे वेचत, दोऱ्या ओढून ओंब्या झटकत. पीक हातचे जायचे ते जायचेच.

मेचनिकॉव्ह यांच्यासमोर एक जुना धडा होता. रेशीम अळ्यांचा पांढरा मस्कार्डाइन रोग बुरशीमुळे होतो, हे इटलीच्या अगोस्टिनो बासी यांनी १८३५ मध्येच दाखवले होते. लुई पाश्चर यांनी रेशीम अळ्यांच्याच रोगांवर काही वर्षे घालवली होती. त्यांचा हेतू उपयोगी कीटक वाचवण्याचा होता. मेचनिकॉव्ह यांनी प्रश्न उलटा केला. रोगाने रेशीम उद्योग बुडत असेल, तर तसाच रोग मुद्दाम पसरवून कीड का बुडवू नये?

त्यांनी शेतातल्या मातीतून आजारी अळ्या गोळा केल्या. काही अळ्या मरून कडक झालेल्या होत्या आणि त्यांच्यावर हिरवी भुकटी चढली होती. ती बुरशीची बीजे होती. या बुरशीला त्यांनी १८७९ मध्ये ‘एन्टोमॉप्थोरा अनायसोप्लिई’ असे नाव दिले. काही वर्षांतच ती वेगळ्या प्रजातीत गेली आणि आजचे नाव रूढ झाले : मेटारायझियम अनायसोप्लिई. बीजे मिसळलेल्या मातीत निरोगी अळ्या ठेवल्या की त्या मरत. हा त्यांचा मुख्य प्रयोग होता. आजारी अळ्यांत त्यांना एक जिवाणूजन्य रोगही दिसला होता, पण भर बुरशीवर राहिला.

मोठ्या शेतासाठी बीजे आणायची कुठून, हा पुढचा व्यवहारी प्रश्न. त्यासाठी त्यांनी बिअर गाळल्यावर उरणारा चोथा निर्जंतुक करून त्यावर बुरशी वाढवून पाहिली. कृषी विज्ञान केंद्रात भात किंवा ज्वारीच्या दाण्यांवर मेटारायझियम वाढवतात, त्याची ही आद्य पद्धत. १८८४ मध्ये इसाक क्रासिल्शिक यांनी कीव्हजवळच्या स्मेला येथे छोटा कारखानाच उभारला. चार महिन्यांत ५५ किलो बीजे तयार झाली आणि ती साखरबीटावरील सोंडकिड्याविरुद्ध शेतात वापरली गेली. जिवंत जंतूचे कीडनाशक म्हणून कारखान्यात झालेले हे जगातले पहिले मोठे उत्पादन मानले जाते.

तोपर्यंत मेचनिकॉव्ह मात्र दुसऱ्याच शोधात गुंतले होते.

गुलाबाचा काटा आणि तारामासा

१८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. त्यानंतर विद्यापीठांवर सरकारी पकड आवळली गेली. ओडेसातले वातावरण असह्य होत गेले. त्याच वर्षी मेचनिकॉव्ह यांनी पुनरावर्ती तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले आणि ते मरता मरता वाचले. हा प्रयोग होता की पुन्हा एकदा जीव देण्याचा प्रयत्न, यावर चरित्रकारांत एकमत नाही. १८८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ओल्गा व तिच्या धाकट्या भावंडांसह ते सिसिलीतल्या मेसिनाला गेले.

तिथे त्या हिवाळ्यात घरचे सगळे सर्कशीतली माकडे पाहायला गेले. मेचनिकॉव्ह घरी सूक्ष्मदर्शकापाशी राहिले. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत इकडेतिकडे फिरणाऱ्या पेशी पाहताना त्यांना वाटले, या पेशी शरीराच्या रक्षणासाठी असाव्यात. तसे असेल तर काटा टोचल्यावर त्या काट्याभोवती जमायला हव्यात. बागेतून गुलाबाचे काटे आणून त्यांनी पिल्लांच्या त्वचेखाली टोचले. रात्र अस्वस्थतेत गेली. सकाळी काट्यांभोवती पेशींचा गराडा पडला होता.

या पेशींना ‘फॅगोसाइट’ हे ग्रीक नाव व्हिएन्नातल्या कार्ल क्लाउस यांनी सुचवले. मराठीत त्यांना भक्षकपेशी म्हणता येईल. जंतू दिसला की त्याला वेढायचे, गिळायचे, पचवायचे हे त्यांचे काम.

दुसरा पुरावा पाणपिसू या सुईच्या अग्राएवढ्या जीवात मिळाला. १८८४ मध्ये मेचनिकॉव्ह यांनी तिच्या शरीरातली लढाई टप्प्याटप्प्याने पाहिली. एका यीस्टची सुईसारखी बीजे पाणपिसूच्या पोटात जातात, आतडे भेदून शरीरपोकळीत घुसतात. भक्षकपेशी तत्काळ त्यांना घेरतात. बहुतेक वेळा सुया मोडतात, विरघळतात, पाणपिसू वाचते. पण एखादे बीज निसटून त्याला फुटवे आले की चित्र उलटते. फुटवे वाढत जातात, पेशी कमी पडतात, पाणपिसू मरते. त्या यीस्टच्या प्रजातीला पुढे मेचनिकॉव्ह यांचेच नाव मिळाले.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भुंगेऱ्याच्या बाबतीत त्यांनी जंतूचा विजय पाहिला होता, पाणपिसूत शरीराचा. जंतू नेमका जिंकतो कशाने, हा प्रश्न त्यांच्या दोन कामांच्या मधोमध पडून होता. त्या काळच्या रसायनशास्त्राकडे त्याचे उत्तर देण्याची साधने नव्हती.

ओडेसातून पॅरिस, आणि एक धागा मुंबईपर्यंत

१८८६ मध्ये ओडेसात जिवाणूशास्त्रीय केंद्र सुरू झाले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर पाश्चर यांची लस तिथे देण्यात येऊ लागली आणि मेचनिकॉव्ह प्रमुख झाले. ते डॉक्टर नव्हते, त्यामुळे शहरातले डॉक्टर त्यांना मानत नव्हते. अँथ्रॅक्सची लस दिलेल्या हजारो मेंढ्या मेल्या तेव्हा टीकेला धार चढली. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी त्यांचे काम थंडपणे बाजूला सारले. पॅरिसमध्ये पाश्चर यांनी मात्र नव्या संस्थेत प्रयोगशाळा देऊ केली. १८८८ मध्ये ते तिथे गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

ओडेसातल्या त्यांच्या विद्यार्थ्यांत वाल्देमार हाफकिन होते. क्रांतिकारकांशी संबंधांमुळे पोलिसांच्या नजरेत असलेले हे तरुण प्राणिशास्त्रज्ञ आपल्या गुरूमागोमाग पॅरिसला पोहोचले. सुरुवातीला जागा होती ती ग्रंथपालाची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तात्पुरत्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

पॅरिसमधली पहिली वीस वर्षे वादात गेली. जर्मन शास्त्रज्ञांचे म्हणणे, प्रतिकारशक्ती रक्तद्रवात असते, पेशी नंतर केवळ मेलेल्या जंतूंची साफसफाई करतात. १८९० मध्ये एमिल फॉन बेरिंग आणि कितासातो यांनी रक्तद्रवातील प्रतिविषे दाखवली, तेव्हा मेचनिकॉव्ह यांची बाजू लंगडी पडली, असे अनेकांना वाटले. ते प्रत्येक आक्षेपाला नव्या प्रयोगाने उत्तर देत राहिले. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि रक्तद्रववादी पाउल एर्लिक यांना विभागून देण्यात आले. समितीने वाद निकालात काढण्याऐवजी दोघांना एकाच मंचावर बसवले. पुढच्या विज्ञानाने दोघेही बरोबर ठरवले.

दह्याचे पर्व याच काळातले. मोठ्या आतड्यातल्या कुजवणाऱ्या जिवाणूंमुळे म्हातारपण लवकर येते, आंबट दुधातले जिवाणू त्यांना आवर घालतात, असा त्यांचा सिद्धांत. त्यावर भरपूर लिहून झाले आहे. आयुष्य वाढवण्याचा दावा टिकला नाही, प्रोबायोटिकची कल्पना टिकली. १५ जुलै १९१६ रोजी पॅरिसमध्ये, महायुद्ध सुरू असताना, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयातच ठेवण्यात आल्या.

मग जिवाणू किडीचा प्रतिकार मोडतात कसा?

मेचनिकॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम केलेले सर्गेई मेतालनिकॉव्ह पुढे पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यातल्या मेणअळीच्या प्रतिकारशक्तीवर काम करू लागले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मक्याच्या खोडकिडीवर ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ म्हणजेच बीटी हा जिवाणू वापरून पाहिला. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये बीटीचे पहिले व्यापारी कीडनाशक बाजारात आले.

बीटीचा स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतो, त्यातले विष आतड्याच्या पेशींना भोके पाडते, अळी खाणे थांबवते. इथपर्यंतची माहिती शेतकऱ्यांनाही असते. भोकांतून जिवाणू रक्तात शिरतात तेव्हा तिथे पहारा असतो. अळीच्या रक्तातल्या पेशी जंतूंना गिळतात, त्यांच्या गाठी करून कोंडतात. एक विकर त्या गाठींवर काळा, विषारी मेलॅनिनचा थर चढवते. मेदपिंड जंतूंच्या पापुद्र्याला भोके पाडणारी छोटी प्रथिने रक्तात सोडतो. कीटकांत आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात, पण एवढी फौज पुरेशी असते.

या छोट्या प्रथिनांचा शोध स्टॉकहोममध्ये हान्स बोमन यांच्या गटाने एका मोठ्या पतंगाच्या कोषांत लावला. १९८०-८१ च्या सुमारास त्यातल्या एका प्रथिनाला सेक्रोपिन हे नाव मिळाले. मेचनिकॉव्ह आणि जर्मनांचा जुना वाद कीटकातही असा बरोबरीत सुटला. तिथेही पेशी आणि रक्तद्रव दोन्ही लढतात. गंमत अशी की त्याच गटाला त्याआधी, १९७६ मध्ये, बीटी जिवाणू सोडत असलेले एक ‘प्रतिकाररोधक’ द्रव्य सापडले होते. ते प्रथिने कापणारे विकर निघाले. अळीने सोडलेल्या सेक्रोपिनसारख्या प्रथिनांचे ते तुकडे करते. म्हणजे आधी शस्त्रे निकामी करायची, मग निवांत वाढायचे.

याहून धूर्त डाव झेनोरॅब्डस आणि फोटोरॅब्डस या जिवाणूंचा. हे जमिनीतल्या सूक्ष्म सूत्रकृमींच्या पोटात राहतात. सूत्रकृमी अळीच्या तोंडातून किंवा श्वसनछिद्रातून आत शिरतो आणि जिवाणूंना रक्तात सोडतो. झेनोरॅब्डस अळीची धोक्याची घंटाच कापतो. जंतू आला हे कळवणारी मेदाम्लजन्य रसायने तयार करण्यासाठी जे विकर लागते, तेच तो बंद पाडतो. माणसात ॲस्पिरिन याच मार्गावर पुढच्या टप्प्यात अडथळा आणते. घंटा वाजली नाही की पेशी जमत नाहीत, गाठी होत नाहीत, मेलॅनिन चढत नाही. प्रयोगात अशा अळीला ॲराकिडॉनिक आम्ल बाहेरून टोचले की तिचा प्रतिकार बऱ्याच अंशी परत येतो. कोंडी नेमकी कुठे आहे, याचा हा चांगला पुरावा. फोटोरॅब्डस मेलॅनिन तयार करणाऱ्या विकराला अडवतो, शिवाय त्याच्या एका विषाने अळीच्या भक्षकपेशी मरतात आणि अळी फुगा फुटल्यासारखी लुळी पडते.

आणि मेचनिकॉव्ह यांची हिरवी बुरशी? तिचे उत्तर २००६ मध्ये मिळाले. मेटारायझियम त्वचा भेदून अळीच्या रक्तात पोहोचते तेव्हा ती अंगावर कोलॅजेनसारख्या प्रथिनाचा अंगरखा चढवते. तिच्या भिंतीवरची जी साखर पाहून भक्षकपेशी तिला ओळखतात, ती या अंगरख्याखाली झाकली जाते. ज्या पेशी मेचनिकॉव्ह यांनी मेसिनात शोधल्या, त्या पेशींसमोरून त्यांनीच ओडेसात शोधलेली बुरशी वेश पालटून निघून जाते. सोबत ती सोडत असलेली डिस्ट्रक्सिन नावाची विषे प्रतिकार आणखी दाबतात.

याचा शेतात उपयोग काय?

किडीचा पहारा आधी उठवला तर मारेकरी जंतू कमी मात्रेतही काम करतो, हा या संशोधनाचा व्यवहारी अर्थ. दक्षिण कोरियातील संशोधकांनी झेनोरॅब्डस आणि बीटी एकत्र वापरून लष्करी अळीच्या जातभाईवर असा परिणाम दाखवला आहे. बीटी कपाशी मात्र या हिशेबात बसत नाही. तिच्यात जिवाणू नसतो, त्याच्या विषाचे जनुक तेवढे असते. भारतात २००२ मध्ये तिला परवानगी मिळाली आणि गुलाबी बोंडअळीने पुढे त्या विषाला दाद देणे बंद केले. एकच शस्त्र असले की किडीला एकच कुलूप बदलावे लागते. अनेक पातळ्यांवर वार करणाऱ्या जिवंत जंतूशी जुळवून घेणे तुलनेने अवघड, पण अशक्य आहे असे समजण्याचे कारण नाही.

जिवंत जंतूंचे तोटेही जिवंत आहेत. मेटारायझियमला ओलावा लागतो, कडक उन्हात बीजे मरतात, परिणाम दिसायला आठवडे जातात. बुरशीनाशकासोबत दिले तर पैसे वाया. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णा-वारणेच्या काठी उसातल्या हुमणीसाठी शेणखतात मिसळून ते पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीत देतात, अळी लहान असतानाच. सोबत सूत्रकृमींचाही वापर होतो. त्यातली ‘हेटेरोरॅब्डायटिस इंडिका’ ही जात कोइमतूरच्या मातीतून १९९२ मध्ये नोंदवली गेली, आणि तिच्या पोटात फोटोरॅब्डस असतो.

मेटारायझियमच्या पुडीवर छापलेल्या ‘अनायसोप्लिई’ या नावातला भुंगेरा महाराष्ट्रात आढळत नाही. ते नाव ओडेसाच्या गव्हावरून आले आहे.